टाके निघाले, पण माणूस पहिल्यासारखा का नाही? न्यूरोसायकॉलॉजिस्टचं काम समजून घ्या

समजा, मुळशीतल्या घोटावड्यात राहणारा तिशीतला एक तरुण रोज बाईकवरून पिरंगुटला कंपनीत जातो. एका रात्री शिफ्ट सुटल्यावर घोटावडे फाट्याजवळ गाडी घसरते आणि डोक्याला मार लागतो. आयसीयू, ऑपरेशन, मग डिस्चार्ज. दोन महिन्यांनी तो चालतोय, बोलतोय, जेवतोय. गावात सगळे म्हणतात, "वाचला बिचारा, देवाची कृपा!"

घरात मात्र वेगळंच चाललेलं असतं. दुकानात गेला की काय आणायचं तेच विसरतो. पोरांनी गोंगाट केला की अंगावर धावून जातो. सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. वडील म्हणतात, आळशी झालाय. शेजारी म्हणतात, नाटकं करतोय.

हा उदाहरणातला तरुण आळशी नाही आणि नाटकंही करत नाही. त्याच्या मेंदूला झालेली इजा अजून भरून आलेली नाही. अशा वेळी न्यूरोसायकॉलॉजिस्टची गरज असते.

इजा दिसत का नाही?

डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत जोरात हलतो. कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत हाडांवर घासला जातो. नियोजन, रागावर ताबा, स्वतःहून काम सुरू करणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, ही कामं मुख्यतः याच भागांवर अवलंबून असतात. शिवाय मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' असूनही त्रास खरा असू शकतो.

न्यूरोसायकॉलॉजिस्ट काय तपासतात?

न्यूरोसर्जन ऑपरेशन करतात, न्यूरोलॉजिस्ट औषधं देतात. न्यूरोसायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. मेंदूचं कोणतं काम बिघडलंय आणि कोणतं शाबूत आहे, हे ते मोजतात. आकडे उलट्या क्रमानं म्हणायला लावणं, शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासानं विचारणं, आकृती बघून काढायला सांगणं, अशा चाचण्या असतात.

इथे एक अडचण येते. चौथी शिकलेल्या माणसाची तुलना पदवीधराशी केली, तर निष्कर्ष चुकतो. म्हणूनच बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2004 मध्ये भारतीय लोकांसाठी चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार तुलनेचे निकष आहेत.

घरच्यांशीही वेगळं बोललं जातं. कारण अशा इजेत अनेकदा रुग्णाला स्वतःतला बदल जाणवतच नाही. "मला काय झालंय?" असं तो मनापासून विचारतो.

मग उपचार काय?

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम केलं. एक वाट बंद झाली, तर तेच काम मेंदूच्या शाबूत भागांच्या मदतीनं दुसऱ्या वाटेनं करता येतं, हा त्यांचा विचार आजही पुनर्वसनाचा पाया आहे.

प्रत्यक्षात हे अगदी साधं दिसतं. स्मरणशक्ती कमी असेल तर खिशात कायम एक वही आणि मोबाईलला अलार्म. किल्ली, चष्मा, पाकीट यांची एकच ठरलेली जागा. अंघोळीसारख्या कामाचे छोटे टप्पे पाडून ते रोज त्याच क्रमानं करणं. राग चढायला लागला की खोलीबाहेर जाण्याचा सराव. कामावर परतताना आधी अर्धा दिवस, सोपं काम, मधे विश्रांती.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सहसा वेगानं होते, पण त्यानंतरही ती होत राहते. सगळं पूर्ववत होईलच असं मात्र नाही.

घरच्यांनी काय करावं?

- एका वेळी एकच सूचना द्या. टीव्ही बंद करून बोला.
- "आठवत कसं नाही?" असं विचारण्याऐवजी "वहीत बघ" म्हणा.
- थकवा खरा असतो, झोपू द्या.
- डॉक्टरांनी सांगेपर्यंत बाईकची चावी देऊ नका. दारू पूर्ण बंद.
- डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, फिट किंवा गुंगी आली तर थेट हॉस्पिटल गाठा.
- सांभाळणाऱ्या व्यक्तीनंही मदत घ्यावी. टेली-मानस हेल्पलाईनचा नंबर 14416 आहे.

रिपोर्टचा आणखी एक उपयोग

हातपाय धड असलेल्या माणसाचं नुकसान कागदावर दाखवणं अवघड असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, पण 'मेंदूला मार' असा स्वतंत्र प्रकार नाही. अपघात भरपाईच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं. मशीन चालवणाऱ्याचं लक्षच टिकत नसेल, तर त्याचं काम का गेलं हे या चाचण्यांचा रिपोर्ट दाखवू शकतो.

जायचं कुणाकडे?

भारतात हे काम बहुतेकदा न्यूरोसायकॉलॉजीचं प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ज्या न्यूरोसर्जनकडे उपचार झाले त्यांच्याकडूनच चिठ्ठी मागा आणि सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, ते विचारा. डिस्चार्जच्या दिवशीच हा प्रश्न विचारलात, तर घरात "आळशी" हा शब्द यायच्या आधीच मदत सुरू होईल.