फियाटचा धूर आणि मामूंचा पेचकस

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायद्याने बाद झाली. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचंच. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी काळ्यापिवळ्या टॅक्सीचे जुने फोटो छापले, हिंदी सिनेमातल्या प्रसंगांची उजळणी झाली. मलाही वाईट वाटलं. पण माझ्या नाकात त्या दिवशी दरवळला तो फियाटचा धूर, आणि आठवले माझे मामू.

मामू रत्नागिरीकडचे. साठच्या दशकात बोटीने मुंबईला आले, आधी दुसऱ्याची टॅक्सी चालवली, मग कर्ज काढून स्वतःची घेतली. मला शिक्षणासाठी त्यांनी कुर्ल्याला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं. पुढे मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो, याचं त्यांना कौतुकही होतं आणि काळजीही. "कवितेवर चूल पेटत नाही रे," म्हणायचे, "पण गाडी नीट ट्यून केलेली असली की तीसुद्धा गाते."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. रविवारी सकाळी मामू तिथे टॅक्सी उभी करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली पाने द्यायला. त्याच वेळी गाडीवाले साहेब लोक यायचे. बँकेतल्या एका साहेबांची पद्मिनी होती; कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली. एका ठेकेदाराकडे डिझेलची अॅम्बॅसॅडर होती. आणि १९८३ नंतर आमच्या डॉक्टरांनी मारुती ८०० घेतली. मग काय विचारता! चहाचे ग्लास हातात घेऊन तिघांचा वाद रंगायचा. बँकवाले म्हणायचे, फियाटचं इंजिन गल्लीतला पोरगाही उघडून बसवील. ठेकेदार म्हणायचे, डिझेलच्या भावात तुमची पेट्रोलची गाडी माझ्या गाडीमागे धापा टाकील. डॉक्टर हसून म्हणायचे, माझ्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, पण तुमच्या १०८९ सीसीपेक्षा हलकं आणि कमी पिणारं. शेवटी तिघेही मामूंकडे बघायचे. मामू बॉनेटखालून डोकं न काढता म्हणायचे, "साहेब, जिचं कर्ज फिटलं ती गाडी चांगली."

त्या वादात इतिहास दडलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या मुंबईत, शिवडीला, मोटारी जुळवायला सुरुवात केली होती. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे फक्त जोडणी. इथेच मोटार बनवायची हे स्वप्न पाहिलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घालणारा हा माणूस. परकं सरकार अनुकूल नसताना त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ निघाल्या, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळली. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की, ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखानाही बंद झाला.

हेतू चांगला होता. नव्या देशाला स्वतःचं लोखंड, स्वतःचे कारागीर हवे होते आणि ते घडलेही. पण त्या कुंपणाच्या आत आणखी एक गोष्ट घडली. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर लिहिलेलं, स्पर्धक एकदोन, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं. अशा दुकानदाराने माल कशाला सुधारावा? इटलीत जे मॉडेल साठच्या दशकातच मागे पडलं, ते आपल्याकडे १९७४ पासून पद्मिनी या नावाने चालू राहिलं. दिवे बदलले, जाळी बदलली, आतलं इंजिन मुळात तेच. गल्लीतल्या पोरालाही ते उघडता यायचं, कारण गल्लीतल्या पोराच्या बापानेही तेच उघडलेलं होतं.

आता मामूंची एक गोष्ट सांगतो. ती त्यांच्या हयातीत मी कुठे बोललो नाही. पेट्रोल महाग झालं की मामू टाकीत रॉकेल मिसळायचे. रेशनचं, निळं. ते एकटे नव्हते, धंद्यातले बरेच जण हे करत. रात्री दिवा लांब धरून, नाक मुरडून ते ओतत आणि कॅन धरायला मी. इंजिन खडखडायचं, मागून पांढुरका धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे. मामू म्हणायचे, "बरं नाही हे. पण आजचा हप्ता फिटेल."

पुढे १९८९ चे मोटार वाहन नियम आले आणि पीयूसीचं प्रमाणपत्र सुरू झालं. १९९१ पासून पेट्रोलच्या चारचाकीने उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या वर सोडायचा नाही, असा नियम झाला. मामूंनी त्यावर तोडगा काढला. तपासणीच्या दिवशी पेचकसाने कार्बोरेटरचा मिक्श्चरचा स्क्रू पिळायचा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. गाडी उचकी लागल्यासारखी चालायची, पण यंत्रावरचा आकडा खाली यायचा. कागद खिशात पडला की पुढच्या कोपऱ्यावर स्क्रू पुन्हा जागेवर. मला त्या वेळी हा मामूंच्या बुद्धीचा विजय वाटायचा.

ही बुद्धी फक्त आमच्या गल्लीत नव्हती, हे जगाला २०१५ च्या सप्टेंबरात कळलं. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की, गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून धूर कमी सोडायचा, आणि रस्त्यावर आली की वाटेल तसा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. मी ती बातमी वाचली आणि मला मामूंचा पेचकस आठवला. फरक एवढाच, की मामूंना हप्ता फेडायचा होता.

धुराचे नियम आले की कारखानदार एक हाकाटी करतात, ती मात्र सगळीकडे सारखी असते : हे जमणार नाही, उद्योग बुडेल. १९७० मध्ये अमेरिकेने हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा केला तेव्हा डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी हेच म्हटलं. तेव्हा मोटारीच्या धंद्यात नवख्या असलेल्या जपानच्या होंडाने इंजिनातल्या ज्वलनाचीच रचना बदलली आणि १९७५ साठीची मर्यादा धूर गाळणाऱ्या उपकरणाशिवाय गाठून दाखवली. मुळात पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्तीही जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत १९२१ मध्ये सापडली होती. इंजिनाची खडखड त्याने थांबली, पण ते शिसं लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोचलं. ते पेट्रोलमधून काढायला जगाला अनेक दशकं लागली.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशाचा थर बसला की तो निकामी होतो, म्हणून त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. २००० च्या फेब्रुवारीपासून ते देशभर झालं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये युरो नियमांची तारीख ठरवून दिली. मुंबईत धुराने त्रासलेले नागरिक उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या टॅक्सी सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर आणा, असा आदेश निघाला.

आमच्या घरी त्या आदेशाचा अर्थ एवढाच होता की, किटचे पैसे कुठून आणायचे? मामूंची गाडी जुनी होती. मामीच्या कानातले गेले. किट बसली, डिकीत सिलिंडर आला, गिऱ्हाइकाची बॅग कॅरिअरवर गेली. तेव्हा गॅसचे पंप थोडे, रांगा लांब. मामू रात्री दोनला उठून रांगेत गाडी लावायचे. न्यायालयावर, सरकारवर, नशिबावर त्यांनी सगळा राग काढला. मीही त्यांच्या बाजूने तावातावाने बोलायचो. गरिबाच्याच गाडीचा धूर दिसतो का, असं विचारायचो.

सहाएक महिन्यांनी मामू एकदा सहज म्हणाले, "संध्याकाळी डोळे चुरचुरत नाहीत हल्ली." बस, एवढंच. तीस वर्षं सायन-दादरच्या सिग्नलवर, पुढच्या गाडीच्या नळीपासून चार हातांवर, काच उघडी ठेवून बसलेला माणूस होता तो. धूर सर्वांत जास्त कोणी गिळला असेल तर त्यानेच. खोकला मात्र गेला नाही. २००९ मध्ये मामू गेले तेव्हाही तो त्यांच्या सोबत होता. तो कशाने झाला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण निळ्या रॉकेलचा कॅन माझ्या हातात होता, हे मला विसरता येत नाही.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. धुराच्या नियमांनी आपला कारखाना खाल्ला, असं गल्लीत अजूनही म्हणतात. मला ते पटत नाही. नियम दारात येण्याच्या पुष्कळ आधी, मारुती आल्यापासूनच, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली होती. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांशी केलेल्या भागीदाऱ्या टिकल्या नाहीत, कामगारांचे तंटे झाले, पैसा आटला. ज्या इंजिनात चाळीस वर्षं बदल झाला नव्हता त्याच्यावर युरोचा नियम येऊन पडला, तेव्हा ते आधीच थकलेलं होतं. मूळ दुखणं कुंपणातल्या सुखाचं होतं. जिथून फियाट बाहेर पडायची त्या परिसरात आज उंच इमारतींची वसाहत आहे. ज्यांनी तिथे हाताला ग्रीस लावून संसार केले, त्यांना मात्र बदलाची तयारी करायला कोणी चाळीस वर्षं दिली नाहीत.

पुढेही हेच नाटक होत राहिलं. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भारत स्टेज तीनची गाडी १ एप्रिलपासून विकायची नाही. कंपन्यांकडे सुमारे ८ लाख वाहनं पडून होती. शेवटच्या दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट देऊन दुचाक्या विकल्या गेल्या, दुकानांपुढे झुंबड उडाली. नियमाची तारीख मात्र कितीतरी आधीपासून ठाऊक होती. मग स्टेज पाच गाळून एकदम सहा आली, १ एप्रिल २०२० पासून. इंधनातलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आलं. त्याआधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टच्या मानाने ३० टक्क्यांहून अधिक घसरली होती. कर्जं मिळत नव्हती, विमा महागला होता आणि लोक नव्या नियमाची वाट पाहत थांबले होते. उद्योग मेला, असं तेव्हा सगळे म्हणत होते. २०२३-२४ मध्ये त्याच उद्योगाने देशात ४२ लाखांच्या आसपास प्रवासी वाहनं विकली.

हिशेब मांडला तर असं दिसतं की, नियमाने मोटार उद्योग बुडाल्याचं उदाहरण मला तरी सापडत नाही. पण नियमाची किंमत कोणी मोजली हे पाहिलं तर यादीत सर्वांत वर मामी असते, कानातले काढून ठेवणारी. हवा सगळ्यांची, आणि बिल शेवटच्या माणसाच्या नावाने. आम्ही भांडलो ते हवेशी. भांडायला हवं होतं ते त्या बिलासाठी. स्वच्छ इंधन हवंच, पण किटचे पैसे कोण देणार, पंप आधी का नाही उभारले, कारखाना बंद पडला तर कामगाराचं काय, हे प्रश्न विचारायचे राहून गेले.

परवा कुर्ल्याला त्या गल्लीत गेलो होतो. गॅरेज आहे, मालकाचा मुलगा चालवतो. तीन गाडीवाले उभे होते, चहाचे ग्लास हातात. वाद चालला होता, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं मायलेज उतरतं का, डिझेल ठेवावं की विकावं, विजेची गाडी घेतली तर चाळीत चार्जिंग कुठे करायचं. मला बरं वाटलं. मी त्यांना मामूंची आठवण सांगितली, रॉकेलच्या कॅनसकट. ते हसले. गॅरेजवाला मात्र हसला नाही. हात पुसत म्हणाला, "चाचा, विजेच्या गाडीत कार्बोरेटर नाही, मिक्श्चर नाही, ट्यूनिंग नाही. हवा चांगली होईल, मान्य. पण हा पेचकस घेऊन मी कुठे जाऊ?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते देणं ज्यांचं काम आहे, त्यांनी या खेपेला तरी तारखेच्या आधी द्यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)