साखर उद्योगातील उपपदार्थ

साखर उद्योगातील उपपदार्थ : उसातून साखर काढून घेतल्यावर उरणारी चिपाडे (बगॅस), मळी आणि रसाच्या गाळणीवरील गाळ (प्रेसमड) हे या उद्योगातील प्रमुख उपपदार्थ होत. १ टन उसापासून सु. २८० ते ३०० किग्रॅ. चिपाडे, ४० ते ४५ किग्रॅ. मळी व ३० ते ४० किग्रॅ. गाळ मिळतो. चिपाडांत जवळजवळ निम्मे पाणी असते. गाळाचा उपयोग मुख्यतः खत म्हणून होतो.

चिपाडे : गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडे जाळण्याची प्रथा जुनी आहे. साखर कारखान्यांनीही तीच पद्धत स्वीकारली. परंतु उरलेल्या चिपाडांना मागणी नसल्याने ती संपविणे हाही बाष्पित्राचा हेतू असे. त्यामुळे कमी दाबाची व इंधन अधिक खाणारी बाष्पित्रे दीर्घकाळ टिकून राहिली. मॉरिशसमध्ये १९५७ साली साखर कारखान्यातील वीज सार्वजनिक जाळ्यास पुरविण्यास आरंभ झाला. भारतात १९९० नंतरच्या दशकात उच्च दाबाची बाष्पित्रे व टर्बाइने यांच्या साहाय्याने सहवीजनिर्मितीस चालना मिळाली. गळीत हंगाम पावसाळ्यानंतर येत असल्याने ही वीज जलविद्युत् निर्मितीस पूरक ठरते. तमिळनाडू राज्याने १९७९ मध्ये स्थापन केलेल्या कागद कंपनीने साखर कारखान्यांना पर्यायी इंधन पुरवून चिपाडे मिळविली व त्यांपासून वृत्तपत्री कागद तयार केला.

मळी : १९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण मिळाल्यावर भारतात कारखाने झपाट्याने वाढले आणि मळीची विल्हेवाट हा प्रश्न बनला. मळी आंबवून व ऊर्ध्वपातन करून अल्कोहॉल मिळते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी संयुक्त प्रांतात १९४० मध्ये व केंद्रात १९४८ मध्ये कायदे झाले. तथापि पुढे अल्कोहॉल मुख्यतः रासायनिक उद्योग व मद्यनिर्मिती यांकडे वळले. ब्राझीलने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, व्यापक राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. भारतात २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. २०१८ च्या धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल बनविण्यास मुभा दिली. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने रसाच्या या वापरावर निर्बंध आले. टाकाऊ मळीपासून सुरू झालेला उद्योग साखरेशीच स्पर्धा करू लागल्याचे यावरून दिसून आले.

प्रश्न : १ लि. अल्कोहॉलमागे सु. ८ ते १५ लि. गडद, आम्लधर्मी सांडपाणी निघते. ते नदीनाल्यांत सोडल्यास पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात व विहिरी बिघडतात. ब्राझीलने १९७८ मध्ये असे सांडपाणी जलप्रवाहांत सोडण्यास मनाई केली. त्यातील पोटॅशमुळे ते तेथे उसाच्या शेतास दिले जाते. भारतात त्यापासून प्रथम ज्वलनशील वायू मिळवितात व उरलेले पाणी आटवून जाळतात किंवा गाळात मिसळून खत करतात.

दुसरा प्रश्न वाटणीचा आहे. उसाचा भाव केवळ साखरेवरून ठरत असेल, तर उपपदार्थांचे उत्पन्न कारखान्याकडेच राहते. २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर व प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकास द्यावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदरविषयक कायद्यात उत्पन्नविभागणीचे हे तत्त्व स्वीकारले. जे एकेकाळी टाकाऊ होते, त्यावरील शेतकऱ्याचा हक्क अशा रीतीने कायद्याने मान्य झाला.