लघुव्यवसायांचे जालविपणन

अल्प भांडवलाच्या व्यावसायिकांनी संकेतस्थळे व आंतरजालावरील जाहिराती यांच्या द्वारा ग्राहक मिळविण्याची पद्धती. लहान दुकानदार, कारागीर, घरगुती उत्पादक, दुरुस्तीची कामे करणारे इत्यादींचा यात अंतर्भाव होतो. संकेतस्थळाची रचना, शोधयंत्रातील स्थान, जाहिरात व ग्राहकाशी संपर्क ही या विपणनाची चार प्रमुख अंगे होत. सु. १९९४ पासूनच्या त्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झालेला दिसतो : लहान व्यापाऱ्याची आंतरजालावरील जागा त्याच्या स्वत:च्या मालकीची असावी, की त्याने ती दुसऱ्याकडून भाड्याने घ्यावी?

पूर्वपीठिका : आंतरजालापूर्वी दुकानावरील पाटी, हस्तपत्रके, स्थानिक वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती व व्यवसायसूची ही लहान व्यापाऱ्याची प्रसिद्धीची साधने होती. दूरध्वनिधारकांच्या व्यवसायवार सूचीचा प्रारंभ रूबेन डॉनेली याने १८८६ मध्ये शिकागो येथे केला, असे सामान्यत: मानले जाते. अशा सूचीत मोठ्या चौकटीस अधिक दर पडे. तथापि साध्या नोंदी वर्णानुक्रमे येत असल्याने लहान दुकानही शोधणाऱ्यास सापडत असे.

उदय : टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जिनीव्हानजीकच्या सेर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब हे माहितीजाल निर्माण झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सेर्नने त्याची आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक या ब्राउझरमुळे मजकूर व चित्रे एकाच पानावर दिसू लागली. अमेरिकेतील एनएसएफनेट या सरकारी जालावर व्यापारी वापरास निर्बंध होते. ते जाल १९९५ मध्ये बंद झाल्यावर हा अडसर दूर झाला.

जाहिरातीचा प्रवेश त्यापूर्वीच झाला होता. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने आपल्या व्यवसायाची जाहिरात यूझनेटवरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी पाठविली. तीमुळे मोठा क्षोभ उसळला व नको असलेल्या जाहिरातींचा प्रश्न प्रथमच व्यापक प्रमाणावर चर्चिला गेला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी हॉटवायर्ड या जालनियतकालिकाने एटी अँड टी व अन्य मोठ्या कंपन्यांच्या फलकजाहिराती प्रसिद्ध केल्या. अशा जाहिरातींचा खर्च लहान व्यापाऱ्यास परवडणारा नव्हता. त्यास आकर्षण होते ते स्वत:च्या पानाचे. पान लिहिण्याची एचटीएमएल ही भाषा थोड्या सरावाने येत असे आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या जिओसिटीजसारख्या संस्था पानासाठी विनामूल्य जागा देत. याहू कंपनीने १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतली व २००९ मध्ये तिची अमेरिकेतील सेवा बंद केली. ज्यांनी आपली पाने अन्यत्र हलविली नाहीत, त्यांचे पत्ते निरुपयोगी झाले. फुकट मिळालेल्या जागेवर आपला हक्क नसतो, हा धडा यातून मिळाला.

रचना : प्रारंभीची पाने करड्या पार्श्वभूमीवरील सलग मजकुराची असत. आकर्षक मांडणीसाठी रचनाकार कोष्टकांच्या अदृश्य चौकटींचा आधार घेत. त्यामुळे पाने जड होत व त्यांत फेरफार करणे कठीण जाई. होकॉन व्हिउम ली याने १९९४ मध्ये सुचविलेल्या व डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता पावलेल्या सीएसएस पद्धतीने मजकूर व त्याचे दृश्य स्वरूप वेगळे करणे शक्य झाले. वर्डप्रेस (२००३) या मुक्त आज्ञावलीमुळे संकेतस्थळ चालविण्यास आज्ञावलीकाराची गरज फारशी उरली नाही. कॅनडातील एका लहान स्नोबोर्ड-विक्रेत्याने स्वत:च्या दुकानासाठी केलेल्या आज्ञावलीतून शॉपिफाय ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली. मोबाइलच्या प्रसारानंतर ईथन मार्कॉट याने २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीचे तत्त्व मांडले. एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधात अशा सुवाच्य पानांस अग्रक्रम दिल्याने हे तत्त्व लहान व्यावसायिकासही जवळजवळ अपरिहार्य झाले.

शोध व लिलाव : पानांची संख्या वाढताच पान असणे व ते सापडणे यांत अंतर पडले. बिल ग्रॉस याच्या गोटू या शोधयंत्राने १९९८ मध्ये शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. अधिक बोली लावणाऱ्याचे नाव वर येई आणि वाचकाने त्यावर टिचकी मारली, तरच पैसे द्यावे लागत. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातयोजना आणली आणि २००२ मध्ये तीत टिचकीगणिक आकारणी व लिलाव यांचा स्वीकार केला. तीत क्रम केवळ बोलीवरून न ठरता वाचकांनी त्या जाहिरातीस दिलेल्या प्रतिसादाचाही विचार होऊ लागला. त्यामुळे नेमका शब्द निवडणाऱ्या लहान व्यापाऱ्यास थोड्या पैशांत मोठ्या कंपनीशेजारी स्थान मिळू शकले. उदा., केवळ ‘फुले’ या शब्दाऐवजी गावाच्या नावासह ‘लग्नाचे हार’ या शब्दांवर बोली लावणे स्वस्त पडते व येणारा ग्राहकही खरा गरजू असतो. पुढे बोलीदार वाढले, तसे लाभदायक शब्दांचे दरही चढत गेले.

विनामूल्य क्रमवारीतील स्थानही शाश्वत नव्हते. नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने क्रम ठरविण्याच्या नियमांत केलेल्या बदलामुळे अनेक लहान विक्रेत्यांची पाने नाताळच्या ऐन हंगामात मागे फेकली गेली. क्रमवारीत वर येण्यासाठी क्लृप्त्या योजणाऱ्यांना आवर घालणे हा अशा बदलांचा हेतू असला, तरी त्यांचा फटका प्रामाणिक विक्रेत्यांनाही बसला.

सामाजिक माध्यमे : फेसबुकने नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी पाने व स्वयंसेवी जाहिरातपद्धती सुरू केली. अनेक लहान व्यापाऱ्यांनी संकेतस्थळ न करता तेथेच दुकान मांडले. प्रारंभी अनुयायांपर्यंत मजकूर विनामूल्य पोहोचे. कालांतराने ही पोच घटली व तिच्यासाठी पैसे मोजणे भाग पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा सु. सहा तास बंद पडल्या, तेव्हा केवळ त्यांच्यावर विसंबलेल्यांचा ग्राहकांशी संपर्कच तुटला.

भारत : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजालसेवा सुरू केली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंडियामार्टने लहान उत्पादक व निर्यातदार यांची सूची जालावर आणली. मराठी व्यावसायिकापुढे मात्र लिपीची वेगळी अडचण होती. देवनागरीचा अंतर्भाव युनिकोडमध्ये १९९१ मध्येच झाला असला, तरी प्रत्यक्षात प्रत्येक टंकनिर्मात्याची संकेतपद्धती दीर्घकाळ निराळी राहिली. वाचकाकडे तो टंक नसेल, तर पान अगम्य दिसे आणि शोधयंत्रासही त्यातील शब्द ओळखता येत नसत. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर मराठी पान मराठी शब्दाने सापडू लागले. २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनामही उपलब्ध झाले.

यूपीआय ही देयकपद्धती (२०१६) व व्हॉट्सॲप बिझनेस (२०१८) यांमुळे मागणी व रक्कम दोन्ही मोबाइलवर घेणे सुलभ झाले. कोकणातील अनेक हापूस बागायतदार दलालास वगळून याच मार्गाने थेट ग्राहकास पेट्या पाठवितात. विक्रेता कोणत्याही एका मंचाशी बांधला जाऊ नये, या हेतूने शासनाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली.

समालोचन : आंतरजालाने लहान व्यापाऱ्याची बाजारपेठ गावाच्या वेशीबाहेर नेली, हे निर्विवाद आहे. हमरस्त्यावरील गाळ्याचे भाडे मात्र टळले नाही. ते शोधशब्दांची बोली व मंचाचे शुल्क या रूपांनी परत आले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने गूगलने शोधसेवा व शोधजाहिरात या क्षेत्रांत बेकायदेशीरपणे मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. या अनुभवावरून असे दिसते, की स्वत:चे क्षेत्रनाम, साधे पण सुवाच्य संकेतस्थळ व स्वत:जवळ जपलेली ग्राहकसूची हीच लहान व्यावसायिकाची आंतरजालावरील खरी मालमत्ता होय. मंचांचा उपयोग त्याने अवश्य करावा. परंतु ती भाड्याची जागा आहे, हे विसरून चालत नाही.