‘खरी आरएस’ कुठली? : १५० ते २६५ हॉर्सपॉवरची भांडणं

(एपिसोडचा लिखित मजकूर. वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीटनेटका केलाय.)

आजचा विषय गाड्यांचा आहे. पण ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांनीही लगेच पळू नका. कारण ही गोष्ट खरं तर एका भांडणाची आहे आणि ते भांडण वीस वर्षं चाललंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने भारतात नवी ऑक्टेव्हिया आरएस आणली. एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार. संपूर्ण देशासाठी गाड्या किती? फक्त १००. बुकिंग उघडलं आणि बघता बघता सगळ्या संपल्यासुद्धा. २६५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ६.४ सेकंदांत, टॉप स्पीड २५०.

आता गंमत बघा. आरएस म्हणजे काय, तर साध्या ऑक्टेव्हियाची स्पोर्टी आवृत्ती. पण ही आरएस आली तेव्हा साधी ऑक्टेव्हिया भारतातल्या शोरूममध्ये नव्हतीच. ती २०२३ मध्येच बंद झाली होती. म्हणजे मूळ दुकानाला टाळं आणि शाखा मात्र जोरात. फॅमिली सेडान गायब, तिची स्पोर्टी बहीण तेवढी हजर. हे असं कसं झालं, तेच आज बघायचंय.

आरएस आली कुठून?

आरएस म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. स्कोडाचं मूळ गाव म्लादा बोलेस्लाव, आजच्या चेक प्रजासत्ताकात. १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी तिथे सायकलींपासून सुरुवात केली. कम्युनिस्ट काळात पश्चिम युरोपात स्कोडाची खिल्ली उडवायची पद्धत होती, पण रॅलीच्या मैदानात हीच कंपनी भल्याभल्यांना घाम फोडायची. १९७५ ची १३० आरएस हे त्याचं उत्तम उदाहरण. छोटंसं १३०० सीसीचं इंजिन, तेही मागच्या बाजूला. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला.

पुढे १९९१ मध्ये फोक्सवॅगनने स्कोडात भागीदारी घेतली आणि १९९६ मध्ये आधुनिक ऑक्टेव्हिया आली. ही गाडी दिसायला सेडान, पण मागचं झाकण काचेसकट वर उघडतं. डिकी एवढी मोठी की चार माणसांचं लग्नाचं सामान आरामात बसावं. थोडक्यात, पक्की घरगुती गाडी. आणि हीच घरगुती गाडी कंपनीने १९९९ पासून जागतिक रॅली स्पर्धेत उतरवली. २००१ च्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्झने तिसरा नंबर काढला. रॅलीतली गाडी अर्थातच आतून पूर्ण वेगळी होती, पण नाव आणि चेहरा तोच होता.

त्याच सुमाराला युरोपात रस्त्यावरची ऑक्टेव्हिया आरएस आली. १.८ लिटर टर्बो, १८० हॉर्सपॉवर. ब्रिटनमध्ये तिला ‘व्हीआरएस’ म्हणायचे आणि तिथल्या अनेक पोलीस दलांनी ती ताफ्यात घेतली. पाच माणसं, भरपूर सामान आणि पाठलाग करायला पुरेसा वेग. पोलिसांना आणखी काय हवं?

२००४ : पहिली आरएस, पण ३० घोडे कमी

ऑक्टेव्हिया भारतात आली २००१ मध्ये आणि तिची जुळणी व्हायची आपल्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. सुरुवातीला नाव झालं ते १.९ डिझेलचं. ९० हॉर्सपॉवर, पण हायवेला लागली की थांबायचं नाव नाही.

मग २००४ मध्ये आरएस आली. त्या वेळी आपल्याकडे पेट्रोल गाडीत टर्बो ही जवळपास ऐकीव गोष्ट होती. टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. भारतातली टर्बो पेट्रोल असलेली पहिली पॅसेंजर कार हीच, असं कंपनी आजही अभिमानाने सांगते.

पण इथेच भांडणाची ठिणगी पडली. युरोपातल्या आरएसला १८० हॉर्सपॉवर आणि आपल्या आरएसला १५०. मग ही आरएस म्हणायची का?

एक गट म्हणाला, बॅज आरएसचा आणि काळीज साध्या टर्बोचं, ही फसवणूक आहे. दुसरा गट म्हणाला, अरे बाबा, त्या काळच्या बाकीच्या सेडान बघ! कोरोलाला १२५, होंडा सिटी व्हीटेकला १०६. त्यांच्या मधे १५० म्हणजे काय चीज आहे ते ॲक्सिलरेटर दाबून बघ. तिसरा गट काही बोललाच नाही. तो गाडी घेऊन सरळ ट्यूनिंगवाल्याकडे गेला. याच घराण्यातलं १.८ टर्बो इंजिन ऑडी टीटीसारख्या गाडीतही होतं, त्यामुळे आत दम शिल्लक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा, ज्याला आपण ‘रीमॅप’ म्हणतो, की राहिलेले घोडे बाहेर येतात. वॉरंटीचं काय होतं ते मात्र ज्याने त्याने बघायचं!

माझ्या मते या गाडीची खरी जादू हॉर्सपॉवरच्या आकड्यात नव्हती, ती होती घरच्यांच्या परवानगीत. आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. पैसे बाबांचे, ईएमआय आपला, मागच्या सीटवर आई, आणि गावाला जाताना डिकीत तांदळाचं पोतं. दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतो म्हटलं तर घरात महाभारत होईल. पण ही? चार दारं, मोठी डिकी, शांत चेहरा. घरच्यांना सांगायचं, ‘ऑक्टेव्हियाच आहे.’ खोटंही नाही! गाडीवेडे अशा गाडीला ‘स्लीपर’ म्हणतात. वरून झोपलेली, आतून टक्क जागी.

२०११ : लॉराचा मोठा वाद

पुढची पिढी भारतात आली ती ‘लॉरा’ या नावाने, कारण जुनी ऑक्टेव्हिया शेजारी विकली जातच होती. २०११ मध्ये लॉराची आरएस आली आणि वाद पेटला.

कारण साधं होतं. युरोपातल्या याच गाडीला २.० लिटर टर्बो आणि २०० हॉर्सपॉवर. आपल्याकडे १.८ टीएसआय, १६० हॉर्सपॉवर. एवढंच असतं तर चाललं असतं, पण साध्या लॉरालासुद्धा तेच १.८ टीएसआय आणि तेवढेच १६० हॉर्सपॉवर मिळत होते. २००४ मध्ये निदान रस्त्यावर बाकीच्यांच्या पुढे असल्याचं समाधान होतं. इथे आपल्याच घरातली साधी बहीण बरोबरीने पळत होती. मग जास्तीचे पैसे कशाचे? बंपरचे, स्पॉयलरचे, सीटचे आणि बॅजचे?

जखमेवर मीठ म्हणजे त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, स्कोडाने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एका खास बदललेल्या ऑक्टेव्हिया व्हीआरएसला ताशी ३६५ किलोमीटरपर्यंत पळवलं. २ लिटर टर्बो गाड्यांच्या वर्गातला तो विक्रम होता. तिकडे मिठावर विक्रम आणि इकडे आपल्या वाट्याला स्टिकर, अशी गाडीवेड्यांची भावना झाली.

पण दुसरी बाजूही होती. ज्यांनी ही गाडी खरंच चालवली ते म्हणायचे, कागद बाजूला ठेवा. सहा गिअरची मॅन्युअल पेटी, २५० न्यूटन मीटर टॉर्क, वळणात चिकटून राहणारी चाल. भारतातल्या रस्त्यावर याहून जास्त वापरणार कुठे आहात? आणि हा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या हायवेवर समोरून उलट दिशेने ट्रॅक्टर येऊ शकतो, तिथे २०० हॉर्सपॉवर पूर्ण वापरायची वेळ वर्षातून किती मिनिटं येणार?

तरी वादाच्या मुळाशी आकडे नव्हतेच, माझ्या मते. खरी सल वेगळी होती: ‘भारतीयांना कमीच दिलं तरी चालतं’ असं कुणीतरी लांब बसून ठरवतंय की काय? हे फोनबाबत वाटतं, औषधांबाबत वाटतं, गाड्यांबाबतही वाटलं. म्हणून मागणी एकच झाली. आम्हाला ‘पूर्ण’ आरएस द्या. तिकडे देता तीच.

२०१७ : मागितलं ते मिळालं

आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ती मिळाली. २.० टीएसआय, २३० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ६.८ सेकंद. दिल्लीत एक्स-शोरूम २४ लाख ६२ हजार. त्या किमतीत एवढी ताकद देणारं दुसरं फारसं काही नव्हतं. महागड्या जर्मन सेडानवाले सिग्नलवर आरशात बघायला लागले. गाड्या मोजक्या होत्या, त्या चटकन संपल्या. आजही सेकंड हँड बाजारात ही आरएस दिसली की जुने लोक फोन उचलतात.

भांडण संपलं का? छे! आता मुद्दा गिअरबॉक्सचा. ही फक्त डीएसजीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळत होती. डीएसजी माणसापेक्षा वेगाने गिअर बदलते, हे कुणीच नाकारत नव्हतं. पण मॅन्युअलवाल्यांचं म्हणणं, वेग मशीनचा असेल तर मजा कुणाची? २००४ आणि २०११ च्या आरएसला ताकद कमी होती, पण डावा पाय आणि डावा हात कामाला होते. म्हणजे ताकद आली आणि क्लच गेला.

२०२० आणि २०२५ : गाडी राहिली, घर गेलं

सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने एक नियम सैल केला. कंपन्यांना वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या परदेशातून जशाच्या तशा आणायला सोपं झालं, त्यांची इथे पुन्हा सगळी चाचणी करायची गरज राहिली नाही. गाडीवेड्यांनी टाळ्या वाजवल्या. आता युरोपात मिळतं ते इथे मिळणार!

मिळालंही. २०२० ची आरएस २४५ पूर्ण आयात केलेली होती. २४५ हॉर्सपॉवर, पुढच्या चाकांमध्ये ताकद वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, गाड्या २००. किंमत ३५ लाख ९९ हजार. ‘भारतीयांना कमी दिलं’ म्हणायला जागाच नव्हती. फक्त तयार गाडी आयात केली की कर भरभक्कम लागतो, आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो.

मग २०२५ : २६५ हॉर्सपॉवर, गाड्या १००, किंमत जवळपास ५० लाख. आठ वर्षांत किंमत दुपटीने वाढली. दरम्यान घरांनी एसयूव्हीकडे मोर्चा वळवला होता आणि २०२३ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर साधी ऑक्टेव्हिया बंद झाली. ६०० लिटरची डिकी तशीच आहे. पण ५० लाखांच्या, देशात शंभरच असलेल्या गाडीत तांदळाचं पोतं कोण टाकणार? ती कव्हर घालून ठेवली जाते, रविवारी पहाटे बाहेर निघते आणि फोटो काढून परत येते.

म्हणजे बघा, गाडीवेड्यांनी वीस वर्षं मागितलं ते सगळं मिळालं. पूर्ण ताकद, पूर्ण युरोपियन माल. फक्त या प्रवासात ‘फॅमिली सेडानची स्पोर्टी आवृत्ती’ यातला ‘फॅमिली’ हा शब्द गळून पडला.

मग खरी आरएस कुठली?

आकड्यांनी उत्तर द्यायचं तर २०२५ ची. पैसा वसूल म्हणाल तर २०१७ ची, त्यावर फार वाद होणार नाही. पण माझं मत २००४ ला. कारण गाडीवेड्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना एकाच वेळी ‘हो’ म्हणता येईल अशी ती होती. ३० घोडे कमी असूनही.

आणि जाता जाता एक गोष्ट. २०२२ मध्ये स्कोडाने पुण्याजवळ चाकणला बनणारी स्लाव्हिया आणली. तिच्या १.५ टर्बोची ताकद किती? १५० हॉर्सपॉवर. बरोबर २००४ च्या आरएसएवढी, टॉर्क तर त्याहून जास्त. आली तेव्हा मॅन्युअल गिअरबॉक्ससकट मिळत होती. तिच्यावर आरएस लिहिलेलं नाही, म्हणून कुणी भांडतही नाही. पण चार दारं, मोठी डिकी आणि आत जागं असलेलं इंजिन, हे सगळं तिथे आहे. २००४ ची मजा शोधत असाल तर बॅजकडे न बघता एकदा तिची टेस्ट ड्राइव्ह घ्या.

बाकी वेग जपून. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर आता कॅमेरे बसलेत आणि चलनाला २००४ ची आरएस काय नि २०२५ ची काय, दोघी सारख्याच!

तुमच्या घरात गाडी घेताना शेवटचा शब्द कुणाचा होता, इंजिनाचा की आईचा? कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात. तोवर सीटबेल्ट लावा, मागच्या सीटवर बसलेल्यांनीसुद्धा!