१६ नोव्हेंबर : काहिलींच्या खाडीतले गाव
नॉर्वेचा कप्तान कार्ल अँटन लार्सन १९०४ साली आजच्या दिवशी साठेक माणसांनिशी दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर उतरला आणि ग्रिटविकेन वसले. नावाचा अर्थ काहिलींची खाडी. सीलची चरबी कढवायच्या जुन्या लोखंडी काहिली तिथे पडलेल्या सापडल्या होत्या. नाताळापर्यंत देवमाशांचे तेल काढायचा कारखाना उभा! पुढे इथे ५० हजारांवर देवमासे फाडले गेले. तेलाचे साबण आणि मार्गारिन झाले. देवमासेच संपत आले, तेव्हा १९६०च्या दशकात भट्ट्या विझल्या. आता गंजक्या टाक्यांशेजारी सील लोळतात. नॉर्वेतून सुटे भाग आणून उभारलेले १९१३चे पांढरे चर्च मात्र शाबूत आहे. दफनभूमीत धाडसी प्रवासी शॅकल्टन विसावला आहे. पाहुणे त्याच्या कबरीवर व्हिस्की शिंपडतात.