शिक्का आणि त्याखालचा नंबर

गेल्या हिवाळ्यात चार दिवस सुट्टी टाकून घरी गेलो होतो. घर म्हणजे कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. पुण्यात 'कारंजा' म्हटलं की लोकांना हमखास लाडांचं कारंजा आठवतं. ते वाशीम जिल्ह्यातलं. आमचं नागपूर-अमरावती रस्त्यावरचं, संत्र्यांचं.

सकाळी सहाला मोठ्या आईच्या ओरडण्यानेच जाग आली. बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला. पाणी कितपत तापलं बघायला तिने बोट घातलं आणि शॉक बसला. हात झटकला गेला म्हणून निभावलं. बटण बंद न करता पाण्यात हात घालायचा नाही हे खरंच, पण रॉड हातात घेऊन बघितला तर दोन पिनांचा प्लग! अर्थिंगची वायरच नाही.

"मोठी आई, असला कशाला घेतला?"

"असला म्हणजे? शिक्का आहे न बाप्पा त्याच्यावर! पाहूनच घेतला मी बाजारातून."

आणि खरंच होता की. आयएसआयचा शिक्का, चांगला ठसठशीत. फक्त शिक्क्याच्या वर काही नाही आणि खालीही काही नाही. ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

शिक्का मारून माल विकायची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. वर्धा जिल्हा कापसाचा, आणि हिंगणघाटचा कापूस तर दूरवर नावाजलेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडचे भाव आभाळाला भिडले. भाव चढले की काय होतं? भेसळ! कापसात सरकी, माती, पाणी, हलका माल, काय वाटेल ते. शेवटी १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच करावा लागला.

पण मला खरी आवडलेली गोष्ट पुढची आहे. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. त्यात अट अशी, की प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याची खूण पाहिजे आणि सोबत अनुक्रमांक पाहिजे. आणि कारखान्याने रजिस्टर ठेवायचं, कुठल्या नंबरची गाठ कोणासाठी दाबली त्याचं. म्हणजे दूरच्या बाजारात गाठ फोडली आणि आत ओला कापूस निघाला, तर खुणेवरून कारखाना सापडतो, नंबरवरून रजिस्टरची ओळ सापडते आणि ओळीवरून माणूस. नुसत्या खुणेने हे होत नाही. खूण काय, कोणीही रंगवेल!

आता आयएसआयकडे येऊ. भारतीय मानक संस्था स्थापन झाली १९४७ च्या जानेवारीत, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. डॉ. लालचंद वर्मन तिचे पहिले संचालक. १९५२ साली प्रमाणन चिन्हांचा कायदा झाला आणि त्यातून हा शिक्का आला. पुढे १९८६ च्या कायद्याने संस्थेचं भारतीय मानक ब्युरो झालं, पण शिक्क्याचं नाव लोकांच्या तोंडी आयएसआयच राहिलं. बऱ्याच वस्तूंना हा शिक्का ऐच्छिक असतो. जिवाशी गाठ असलेल्या वस्तूंना मात्र सक्तीचा. २००३ साली सरकारने वायरी, इस्त्री, पाणी तापवायचे रॉड वगैरेंसाठी आदेशच काढला, शिक्क्याशिवाय विकायचे नाहीत म्हणून.

शिक्का मिळतो कसा? कारखान्याची तपासणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, मग परवाना. नंतरही कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलले जातात. युरोपात याहून वेगळं आहे. तिथल्या एकत्र बाजारात 'सीई' खूण लागते, पण बहुतेक वस्तूंना ती बनवणारा स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. जास्त धोक्याच्या वस्तू असतील तर बाहेरची संस्था तपासते, आणि अशा बऱ्याच वस्तूंवर खुणेशेजारी त्या संस्थेचा चार आकडी नंबर येतो. तिथेही शेवटी नंबरच!

आपल्या शिक्क्यातही दोन नंबर असतात. वरती 'आयएस' आणि मानकाचा क्रमांक, म्हणजे ही वस्तू कुठल्या नियमाने बनवली ते. खाली 'सीएम/एल' आणि परवान्याचा क्रमांक, म्हणजे कोणी बनवली ते. हा खालचा नंबर ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही, सगळं दिसतं.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर वेबसाइटवरचं कुलूप बघा. पानावर कुलपाचं चित्र कोणीही चिकटवेल. ब्राउझर चित्र बघत नाही, मागचं सर्टिफिकेट कोणी दिलं आणि त्याची मुदत संपली का ते विचारतो. मी रोज हेच काम करतो आणि घरातला रॉड मात्र चित्र बघूनच चालला होता. :)

मोठ्या आईला हसायचा हक्क मला नाही. "शिक्का बघून घ्या" असं आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो. तिने तेच केलं. शिक्क्याखालचं वाचा, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दुकानात गेलो. तीन पिनांचा नवा रॉड घेतला. दुकानदार खोका बांधायला लागला तर मोठी आई म्हणते, "थांब भाऊ, याचा खालचा नंबर दाखव आधी."

नंबर ॲपमध्ये टाकला. कंपनी तीच, वस्तू तीच, परवाना चालू. जुन्या रॉडची वायर मी कापून टाकली, नाहीतर तो पुन्हा कोणाच्या तरी बादलीत गेला असता.

असो. आज रविवार आहे. घरातली इस्त्री उलटी करून बघा. शिक्का असेलच, त्याच्याखाली काय लिहिलंय?