झोखोव बेटावरील स्लेजचे कार्बन कालमापन

पूर्व सायबेरियन समुद्रातील झोखोव बेटावर (सु. ७६° उ.) गोठलेल्या जमिनीत सापडलेल्या लाकडी स्लेजच्या, म्हणजे बर्फावरील घसरगाडीच्या, अवशेषांचे वय कार्बन-१४च्या प्रमाणावरून ठरविणे. व्लादिमिर पितुल्को या रशियन पुरातत्त्वज्ञाने १९८९ पासून येथे उत्खनन केले. वस्तीतील लाकडाच्या कालमापनाचे आकडे बहुतांशी ८,००० कार्बन-वर्षांच्या आसपास येतात. कार्बन-वर्षे म्हणजे पंचांगातील वर्षे नव्हेत. गणनेत संकेत म्हणून ५,५६८ वर्षांचे जुने अर्धायुष्य धरतात, खरे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे आहे. शिवाय वातावरणातील कार्बन-१४ सर्व काळ सारखा नव्हता. वृक्षवलयांवरून बांधलेल्या आलेखाने दुरुस्ती केल्यावर हे वय १९५० पूर्वी सुमारे ८,९०० वर्षे भरते. इतक्या काळात मूळ कार्बन-१४पैकी जेमतेम एक-तृतीयांश उरतो आणि तो आजची यंत्रे काही मिलिग्रॅम लाकडातही मोजतात. तेव्हा खरी अडचण मोजणीत नाही. मोजले ते नेमके कशाचे वय, हा प्रश्न अवघड आहे.

झाड हवेतून नवा कार्बन घेते, पण तो साठतो त्या वर्षीच्या वलयात. आतली वलये तेव्हाच बंद झालेली असतात. दोनशे वर्षे वाढलेल्या लार्च वृक्षाच्या गाभ्यातून गाडीखालची घसरपट्टी कोरली, तर तिचे वय गाडीच्या वयाहून दोनशे वर्षांनी जास्त येईल. झोखोववर तर झाडेच नाहीत. सायबेरियातील नद्यांनी समुद्रात लोटलेले आणि किनाऱ्याला लागलेले ओंडके हेच तेथील लाकूड. थंडीत ते कुजत नाही. वाहून आल्यावर कितीतरी वर्षांनी कोणी ते उचलले असेल. या दोन्ही चुका एकाच दिशेने होतात, वय वाढवतात. म्हणून लाकडाची तारीख ही गाडीची जन्मतारीख नसून तिच्या वयाची वरची मर्यादा आहे, असेच मानले पाहिजे.

मग नऊ हजार वर्षांचा दावा पोकळ ठरतो काय? तसे वाटत नाही. लोक हाती येईल तो जुनापुराणा ओंडका वापरीत असते, तर वेगवेगळ्या तुकड्यांची वये हजारो वर्षांत विखुरली असती. येथे ती एकवटलेली आहेत. भार आणि धक्के सोसणाऱ्या घसरपट्टीसाठी तडकलेले, वाळून ठिसूळ झालेले लाकूड निवडणारा कारागीरही विरळाच. काही शतके वजा केली तरी गाडी त्याच सहस्रकांच्या टप्प्यात राहते.

लाकडाऐवजी हाडांवरच भिस्त ठेवावी, हा दुसरा आक्षेप. रेनडिअरच्या हाडांबाबत तो रास्त आहे: प्राणी अल्पायुषी आणि चारा जमिनीवरचा. मात्र झोखोवचे रहिवासी ध्रुवीय अस्वलांचीही मोठ्या प्रमाणावर शिकार करीत. अस्वल सील खाते, सीलचा कार्बन समुद्रातून येतो आणि समुद्राच्या पाण्यातील कार्बन आधीच जुना असतो. त्यामुळे अशी हाडे काही शतकांनी अधिक जुनी भासतात. वस्तीतील कुत्र्यांना समुद्री मांस मिळत असेल, तर त्यांच्या हाडांनाही हीच दुरुस्ती लागते. येथील एका कुत्र्याच्या जनुकसंचाचा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे दिले असून आजच्या ध्रुवीय ओढ्या कुत्र्यांशी त्याचे नाते दिसते. हा पुरावा लाकडाच्या आकड्यावर अवलंबून नाही, म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे.